गावातल्या बायकांचा जोर मोजताना वजनाचा हिशेब कसा धरायचा

हा लेख फिजिओथेरपीच्या इंटर्नसाठी, समुदाय वैद्यकशास्त्राच्या निवासी डॉक्टरांसाठी आणि एम.पी.एड.चा प्रबंध हाती घेतलेल्यांसाठी आहे. गाव वर्धा जिल्ह्यातलं असो की गडचिरोलीचं, गाडी एकाच ठिकाणी अडते. मुठीचा जोर मोजून होतो, वहीत आकडे येतात आणि मग मार्गदर्शक विचारतात, "वजनासाठी दुरुस्ती केली का?" म्हणजे शरीराच्या वजनामुळे जोरात पडणारा फरक आकड्यातून काढला का? विद्यार्थी सगळ्या आकड्यांना वजनाने भागतो आणि मोकळा होतो. तिथेच चुकतं. शरीराच्या वाढीचे ब्रिटिश अभ्यासक जे. एम. टॅनर यांनी १९४९ मध्येच दाखवून दिलं होतं की नुसत्या वजनाने भागून काढलेले मापदंड फसवे असतात. तरी अजून बरेच प्रबंध तसेच छापले जातात.

आपल्या भागात ही चूक जास्त महाग पडते. इथे ३८-४० किलोच्या बायका पुष्कळ. वजनाने भागलं की कमी वजनाची बाई कागदावर आपोआप जोरकस दिसते आणि कुपोषण आकड्यांमागे लपतं.

१. आधी प्रश्न ठरवा, मग भागाकार

दुरुस्ती करायचीच का, हे प्रश्नावर अवलंबून आहे.

विहिरीवरून १५ लिटरची घागर उचलायची असेल तर घागरीला बाईच्या वजनाशी देणंघेणं नाही. तिथे कच्चा जोर, म्हणजे यंत्राने दाखवलेला आकडा, तोच खरा. खुर्चीतून उठणं किंवा जिना चढणं यात ती स्वतःचंच वजन उचलते. मांडीचा जोर भागिले वजन हे गुणोत्तर तिथे अर्थपूर्ण आहे. मात्र "३० सेकंदांत किती वेळा उठली" अशी चाचणी घेतली असेल तर त्या आकड्यात वजनाचा भार आधीच आलेला असतो. त्याला पुन्हा वजनाने भागू नका.

तिसरा प्रश्न असतो तुलनेचा: लहान चणीच्या आणि मोठ्या चणीच्या बायकांच्या स्नायूंत आकारापलीकडे काही फरक आहे का? हा सगळा खटाटोप या तिसऱ्या प्रश्नासाठी आहे.

२. काय काय लागतं

कागदपत्रं:

- संस्थेच्या एथिक्स कमिटीची मंजुरी. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं त्यासाठी वाचून ठेवा. मंजुरीआधी घेतलेलं एकही माप वापरता येत नाही.
- मराठीतलं माहितीपत्रक आणि संमतीपत्र. बाईला वाचता येत नसेल तर अंगठा आणि सोबत तटस्थ साक्षीदाराची सही. साक्षीदार तुमच्या टीममधला नको.
- तालुका आरोग्य अधिकारी आणि ग्रामपंचायत यांना दिलेलं पत्र, पोच घेतलेलं.
- नोंदीचा तक्ता: वय, उंची, वजन, कोणता हात चालतो, यंत्राच्या मुठीची जागा, प्रत्येक प्रयत्नाचा आकडा, वेळ.

साधनं:

- मुठीसाठी हायड्रॉलिक हँड डायनॅमोमीटर, म्हणजे दाबल्यावर जोर किलोत दाखवणारं यंत्र. जामर प्रकारचा सर्वात जास्त वापरला जातो.
- मांडीसाठी हातात धरायचा डायनॅमोमीटर आणि न ताणणारा पट्टा.
- १०० ग्रॅमपर्यंत दाखवणारा बॅटरीवरचा वजनकाटा. लाइटवर भरवसा ठेवू नका.
- उंची मोजायचा स्टँड, कापडी नसलेली मापपट्टी.
- जाड प्लायवुडचा दोन फुटी चौकोन आणि गवंड्याची पाणसळ.
- वजनमाप खात्याचा शिक्का असलेली ५ आणि १० किलोची लोखंडी वजनं.

प्लायवुड विसरलात तर सगळं काम वाया. शेणाने सारवलेल्या किंवा उंचसखल जमिनीवर काटा कललेला राहतो आणि दर वेळी वेगळं वजन दाखवतो. फळी ठेवा, पाणसळीने पाहा, मग काटा ठेवा. रोज सकाळी शिक्क्याची वजनं ठेवून तपासा आणि तो आकडाही वहीत लिहा. मुठीच्या यंत्रालाही मुठीच्या मधोमध १० आणि मग २० किलो टांगून पाहा. काटा टांगलेल्या वजनापासून अर्ध्या खुणेहून जास्त चुकला तर यंत्र कॅलिब्रेशनला पाठवा.

३. "निरोगी" कोणाला म्हणायचं

ही यादी मंजुरीच्या कागदातच लिहून घ्या, गावात जाऊन ठरवू नका. गरोदर बायका, नुकत्याच बाळंत झालेल्या, मनगट-बोटं-गुडघ्याला इजा किंवा सूज असलेल्या, हृदयरोग, न आटोक्यातला रक्तदाब, मधुमेहाने हातपाय बधिर झालेल्या बायका बाजूला ठेवाव्या लागतात.

विदर्भात आणखी तीन गोष्टी पाहाव्याच लागतात. पहिली सिकलसेल, हा रक्ताचा आनुवंशिक आजार. हाडं-सांधे दुखत असतील तर बाई जोर लावत नाही आणि तुम्ही तो अशक्तपणा समजता. आरोग्य केंद्रातून त्याची सोल्युबिलिटी चाचणी (प्राथमिक रक्ततपासणी) झाली आहे का ते विचारा. दुसरी हत्तीरोग. पायाची सूज वजनात मोजली जाते, स्नायूंत नाही. तिसरी रक्तक्षय, आणि खरा पेच इथे आहे. गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन १२ पेक्षा कमी म्हणजे रक्तक्षय. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक बायका त्यात बसल्या. सगळ्यांना वगळलं तर नमुना उरत नाही, आणि उरतो तो गावाचं चित्र दाखवत नाही. म्हणून हिमोग्लोबिन मोजा, तीव्र रक्तक्षय तेवढा वगळा आणि बाकीच्यांचा आकडा हिशेबात वेगळा स्तंभ म्हणून धरा.

४. वजन आणि उंची

कपडे सगळ्यांचे सारखे हवेत. साधी सुती साडी आणि नऊवारी यांच्या वजनात फरक असतो, आणि ४० किलोच्या बाईत अर्धा किलो म्हणजे सव्वा टक्का. सोपा उपाय म्हणजे एक पाचवारी आणि एक नऊवारी आधी तोलून ठेवायची आणि नेसलेल्या प्रकारानुसार वजा करायची. चांदीचे तोडे, कमरेची चावी, बटवा बाजूला. उंची मोजताना अंबाडा सोडायला सांगा. वेणी चालते, पण ती पाठ आणि स्टँडच्या मध्ये आली तर बाई पुढे झुकते.

५. जोर मोजणं

मुठीसाठी बाई खुर्चीत बसलेली, पाय जमिनीवर, खांदा अंगालगत, कोपर काटकोनात, अंगठा वर, मनगट सरळ किंवा किंचित मागे. यंत्राची मूठ दुसऱ्या खाचेत. फारच लहान हात असेल आणि जागा बदलावी लागली तर ते नोंदवा. गुपचूप बदलू नका.

बांगड्यांचा प्रश्न येतोच. काचेच्या बांगड्या काढायला सांगू नका. सवाशीण काढणार नाही आणि पुढच्या घरी तुम्हाला दार उघडणार नाही. वर सरकवून रुमालाने सैल बांधा म्हणजे यंत्राला लागत नाहीत.

सूचना सगळ्यांना त्याच शब्दांत द्या, आणि तिच्या बोलीत: "काकू, दाबा म्हटलं की सारा जोर लावजा, दम रोखून नका धरू." तीन सेकंद दाबायचं, एक मिनिट विसावा, मग दुसरा हात. प्रत्येक हाताचे तीन प्रयत्न. सर्वात मोठे दोन आकडे १० टक्क्यांहून जास्त वेगळे असतील तर आणखी एक. दर वेळी लाल काटा शून्यावर आणा. मागच्या बाईचा आकडा पुढच्या बाईच्या नावावर चढण्याचं हे नेहमीचं कारण. डायलवर २ किलोच्या खुणा असतात, म्हणून डोळे काट्याच्या समोर आणून वाचा. सर्वात मोठा आकडा घ्यायचा की सरासरी, ते आधी ठरवा आणि शेवटपर्यंत तेच ठेवा.

सासू समोर बसली असेल तर सून हातचं राखून दाबते. आशाताईंना सांगून आडोसा करून घ्या.

वेळही महत्त्वाची. कापसाचा वेचा किंवा सोयाबीनची सोंगणी चालू असताना संध्याकाळी मापं घेतली तर तुम्ही दिवसभराचा थकवा मोजता. भंडारा-गोंदियाकडे रोवणीच्या दिवसांत तर जाऊच नका, कोणी घरी सापडणार नाही. सकाळी शेतात निघण्याआधी किंवा हंगाम सरल्यावर.

मांडीच्या जोरात सर्वात जास्त घोळ होतो. बाई पाय लोंबतील एवढ्या उंच लाकडी टेबलावर बसलेली हवी. प्लॅस्टिकची खुर्ची वाकते. गुडघा काटकोनात, यंत्र घोट्याच्या वर नडगीवर, पट्टा टेबलाच्या मागच्या पायाला बांधलेला. पट्ट्याशिवाय हाताने धरलं तर जोरकस बाईपुढे तुमचाच हात मागे जातो आणि मोजला जातो तुमचा जोर.

मग गुडघ्याच्या सांध्याच्या रेषेपासून यंत्राच्या गादीच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजा. हे अंतर न लिहिलेला आकडा निरुपयोगी आहे. समजा गादी ३० सेंटीमीटरवर आहे आणि यंत्र १८ किलो दाखवतं. १८ × ९.८१ = १७६.६ न्यूटन, गुणिले ०.३० मीटर = ५३ न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे सांध्याभोवती फिरवणारा जोर. त्याच बाईची गादी ५ सेंटीमीटर वर सरकली तर तोच टॉर्क यंत्रावर २१.६ किलो दिसेल. बाई तीच, गुडघा तोच, जोर २० टक्क्यांनी "वाढला".

६. घातांक कोणता

दोराची ताकद त्याच्या जाडीवर असते, लांबीवर नाही, स्नायूचंही तसंच. जाडी म्हणजे आडव्या छेदाचं क्षेत्रफळ. शरीर सगळ्या बाजूंनी सारखं मोठं झालं असं मानलं तर क्षेत्रफळ लांबीच्या वर्गाने वाढतं आणि वजन घनाने. म्हणून बल वजनाच्या २/३ घाताने, म्हणजे ०.६७ ने वाढायला हवं. टॉर्कमध्ये बलाला तरफेची लांबी गुणली जाते, त्यामुळे तिथे घातांक १ होतो.

व्यवहारात त्याचा अर्थ असा:

- मुठीचा जोर (किलो किंवा न्यूटन): वजनाचा ०.६७ वा घात.
- मांडीचा जोर न्यूटनमध्ये, अंतराने न गुणलेला, पण गादी सगळ्यांना घोट्याच्या तेवढ्याच वर: ०.६७.
- मांडीचा टॉर्क न्यूटन-मीटरमध्ये: १. इथे साधा भागाकार सिद्धांतालाच धरून आहे.

हे सिद्धांताचे आकडे. खऱ्या बायकांमध्ये वजन वाढतं त्यात चरबीचा वाटा मोठा असतो आणि चरबी जोर लावत नाही. म्हणून तुमच्या नमुन्यातला घातांक ०.६७ पेक्षा खाली आला तर घाबरू नका.

घातांकाने निकाल कसा पालटतो ते एका जोडीवर पाहा. आकडे उदाहरणापुरते आहेत. अ चं वजन ४० किलो, मूठ २२ किलो. ब चं वजन ६४ किलो, मूठ २८ किलो. दोघींना ५५ किलो वजनाच्या बाईच्या पातळीवर आणू. आयसीएमआर-एनआयएनने (राष्ट्रीय पोषण संस्था) २०२० मध्ये भारतीय बाईसाठी हेच संदर्भ वजन धरलं आहे. सूत्र: दुरुस्त जोर = जोर × (५५ ÷ वजन)^घातांक.

- घातांक १: अ ३०.३, ब २४.१. अ सव्वापट जोरकस.
- घातांक ०.६७: अ २७.२, ब २५.३. फरक ८ टक्क्यांवर आला.
- घातांक ०.४५ (समजा नमुन्यातून असा खालचा आला): अ २५.४, ब २६.२. आता ब पुढे.

बायका त्याच, मापं तीच. "वजनासाठी दुरुस्ती केली" एवढंच लिहिणाऱ्या प्रबंधातून वाचकाला काहीच कळत नाही, ते यामुळेच. आकडे असे संदर्भ वजनावर आणले की एकक किलोच राहतं, हा आणखी एक फायदा. नाहीतर "१.८६ किलो प्रति किलोचा ०.६७ वा घात" हे वाचून परीक्षकही कपाळाला हात लावतात.

७. आपल्या नमुन्याचा घातांक काढणं

एक्सेल पुरतं. वजनाचा आणि जोराचा नैसर्गिक लॉग घ्या (एलएन सूत्र), नवीन दोन स्तंभ करा. मग स्लोप सूत्रात आधी लॉग-जोर, नंतर लॉग-वजन द्या. येणारा उतार म्हणजे घातांक. क्रम उलटा दिलात तरी एक्सेल काही बोलत नाही, चुकीचा आकडा देऊन मोकळं होतं. म्हणून आलेख काढून डोळ्यांनीही पाहा. वयाचा पट्टा रुंद असेल तर लाइनेस्ट (एक्सेलचंच सूत्र) वापरून वय आणि हिमोग्लोबिन सोबत घाला. लाइनेस्ट उताराची प्रमाणत्रुटीही, म्हणजे उतार किती इकडेतिकडे असू शकतो तेही देतं. मात्र उतारांचा क्रम ते उलटा छापतं, शेवटच्या स्तंभाचा आधी. हे माहीत नसलं की वयाचा उतार वजनाच्या नावावर लिहिला जातो.

३० बायकांच्या नमुन्यावर स्वतःचा घातांक काढायचा मोह आवरा. लॉग-वजनाचा पसारा आणि रेषेभोवतीचा जोराचा पसारा साधारण सारखा असेल, तर उताराची प्रमाणत्रुटी सुमारे १ ÷ √(संख्या − २) येते. ३० बायकांत ती ०.१९. म्हणजे ०.६७ घातांक आला तरी ९५ टक्के विश्वास-अंतराल (खरा घातांक ज्या पट्ट्यात असू शकतो तो) ०.२८ ते १.०६. त्यात ०.४५, ०.६७ आणि १ हे तिन्ही बसतात, म्हणजे तुम्ही काहीच ठरवलेलं नाही. २०० बायकांत ती ०.०७ होते, तेव्हा बोलायला जागा आहे. लहान नमुना असेल तर ०.६७ घ्या आणि तसं लिहा.

शेतमजूर बायका विरुद्ध कॉलेजच्या मुली अशी तुलना असेल तर दोन गटांचे उतार आधी वेगवेगळे काढून पाहा. उतार जवळपास सारखे नसतील तर एकच घातांक दोघींना लावता येत नाही.

८. दुरुस्ती खरंच झाली का

ही पायरी दोन मिनिटांची, आणि तीच सर्वात जास्त वगळली जाते. दुरुस्त जोर आणि वजन यांचा सहसंबंध काढा (कोरेल सूत्र). शून्याच्या जवळ आला तर वजनाचा प्रभाव निघाला. ठळक ऋण आला तर तुम्ही जास्त भागलंत आणि जड बायकांवर अन्याय केला; नुसत्या वजनाने मूठ भागली की बहुधा हेच होतं. धन आला तर कमी भागलं. उंचीशीही सहसंबंध पाहून घ्या.

९. चरबी वगळून वजन घ्यायचं असेल तर

कल्पना चांगली आहे: चरबीविरहित वजन हे स्नायूच्या जास्त जवळ. पण ते मोजायचं कशाने, हा प्रश्न आहे. बीआयए (बायोइलेक्ट्रिकल इम्पीडन्स) यंत्र पायातून बारीक वीज सोडून शरीरातल्या पाण्याचा अंदाज घेतं आणि उरलेलं उंची-वजन-वयाच्या सूत्रातून काढतं. मे महिन्यात, पारा ४५ च्या वर असताना, उन्हातून आलेल्या बाईच्या अंगात पाणीच कमी असेल तर चरबी फुगलेली दिसते. सकाळी, उपाशीपोटी, लघवी करून आल्यावर मोजा. स्वस्त घरगुती यंत्राचा चरबीचा आकडा प्रबंधात घेऊ नका. त्यात वजनाचंच सूत्र एवढं मुरलेलं असतं की तुम्ही फिरून वजनानेच भागता.

कॅलिपरने त्वचेची घडी मोजायची तर दंडाच्या पुढे-मागे, पाठीवर आणि कमरेवर अशा चार जागा लागतात. महिला मापक आणि बंद खोली असल्याशिवाय तो विचारच सोडा. ड्युर्निन-वोमर्स्ली यांची १९७४ ची सूत्रं स्कॉटलंडच्या लोकांवर बेतलेली आहेत. वापरलीत तर तसं नमूद करा.

१०. लिहिताना

कच्चा जोर आणि दुरुस्त जोर दोन्ही छापा. नुसता दुरुस्त आकडा दिला तर आपल्या भागात आणखी एक घोळ होतो: बाईचं वजन कमी आहे तेच मुळात स्नायू झिजल्यामुळे असेल, तर वजनासाठी दुरुस्ती करताना आपण ती झीजच पुसून टाकतो. म्हणून बीएमआय १८.५ च्या खालच्या बायका वेगळ्या ओळीत दाखवा. घातांक, तो कुठून आला, संदर्भ वजन आणि सहसंबंधाची तपासणी हे चारही पद्धतीच्या भागात हवं.

दुरुस्त आकडा कधीही तयार कट-ऑफशी ताडू नका. सार्कोपेनिया म्हणजे वयानुसार होणारी स्नायूंची झीज. एशियन वर्किंग ग्रुप फॉर सार्कोपेनियाने २०१९ मध्ये बायकांसाठी धरलेली १८ किलोची रेषा कच्च्या मुठीची आहे आणि वयस्क बायकांसाठी आहे. २५ वर्षांच्या मुलीचा दुरुस्त आकडा त्या रेषेला लावून "सार्कोपेनिया" लिहिणं म्हणजे दोन चुका एका वाक्यात.

मोजलेल्या प्रत्येकीला तिथेच चिठ्ठी द्या: उंची, वजन, हिमोग्लोबिन, दोन्ही हातांचा सर्वात मोठा कच्चा आकडा. दुरुस्त आकडा त्यात नको, तो तिच्या कामाचा नाही. हिमोग्लोबिन कमी असेल तर उपकेंद्राचं नाव आणि वार त्याच चिठ्ठीवर लिहा आणि दुसरी प्रत आशाताईंकडे ठेवा.